पॉट वाळेपर्यंत

आमच्या घरी संडासात पॉट बसला तेव्हा आख्ख्या गल्लीत कुणाकडं तो नव्हता. मोहोळच्या माझ्या मामानं तो टेम्पोत गवतात गुंडाळून आणला, सोबत तिकडचाच एक गवंडी आणला, आणि दिवसभरात काम उरकून दोघं जेवून परत गेले. शेजारच्या बायका बघायला आल्या. एकीनं विचारलं, "ह्याच्यावर बसायचं व्हय? खुर्चीवानी?" एरवी अव्वा अशा प्रश्नावर पदर तोंडाला लावून हसली असती. त्या दिवशी तिनं नुसती मान हलवली आणि बादली घेऊन फरशीवर सांडलेलं सिमेंट घासत बसली.

अव्वा म्हणजे माझी आई. आमच्या घरात वाक्य कानडीत सुरू व्हायचं आणि मराठीत संपायचं. आईला अव्वा, वडलांना अप्पा, थोरल्या चुलत्यांना दोड्डप्पा आणि चुलतीला दोड्डव्वा. शाळेत जाईपर्यंत मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं.

पॉट आणावा लागला तो अप्पांमुळं. अप्पा नवी पेठेत एका कापडाच्या दुकानात साड्या दाखवायला होते. गादीवर बसून एका झटक्यात साडी उलगडायची, पदर बाईच्या पुढ्यात अलगद टाकायचा आणि रंगाचं असं काही वर्णन करायचं की बघायला आलेली बाई घ्यायलाच लागायची. आवाज खणखणीत होता. एका दुपारी हातातली साडी अर्धी उलगडलेली असतानाच ते त्या गादीवर कलंडले. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दवाखान्यात त्यांना बेडपॅन द्यायचे तेव्हा ते तोंड भिंतीकडं करायचे आणि डोळ्यांतून पाणी गळायचं. घरी आणल्यावर अव्वानं पहिल्याच सकाळी तसलंच भांडं पुढं केलं, तर त्यांनी डाव्या हातानं ते असं ढकललं की ते घरंगळत दारापर्यंत गेलं. उकिडवं बसता येत नव्हतं आणि अंथरुणात करायचं नव्हतं. म्हणून मामानं पॉट आणला.

त्यानंतर आमचं घर त्या पॉटाभोवती चालायला लागलं. सकाळी गल्लीतले यंत्रमाग सुरू व्हायच्या आत अव्वा उठायची. माग सुरू झाले की खडखडाटात अप्पांची अस्पष्ट हाक ऐकू यायची नाही, म्हणून त्यांचं सगळं त्याआधी आवरायचं. एका बाजूनं अव्वा, दुसऱ्या बाजूनं मी. अप्पांची उजवी चप्पल फरशीवर घासत यायची. पॉटावर बसवलं की अव्वा दार लोटून बाहेर उभी राहायची आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटायची. मग चहा, मग अंघोळ घालणं, मग भाकऱ्या. अप्पांना चावता येईना, म्हणून ती भाकरी आमटीत कुस्करून चमच्यानं भरवायची. आम्हाला तीच भाकरी, शेंगाचटणी आणि वर तेल. कधी कुळथाचं माडगं. पूर्वी सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, व्हायची, गुळाचा आणि खसखशीचा वास जिन्यापर्यंत यायचा. त्या वर्षी एकाही सणाला झाली नाही. कुणी ठरवलं नव्हतं. अव्वाच्यानं झालं नाही, इतकंच.

आणि पाणी. सोलापुरात राहिलेल्या माणसाला पाण्याचं काय सांगायचं! नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, तेही खालच्या मजल्यावर. आजही मी ह्याच गावात फ्लॅटमध्ये राहते, बटण दाबलं की फ्लश होतो, पण आज पाणी येणार का उद्या, ही चर्चा जिन्यात अजून तशीच चालते. आमच्या पॉटाला फ्लश नव्हता. बादलीनं ओतायचं. खालून भरलेल्या घागरी वर आणायच्या आणि पॉटात ओतायच्या, ह्यात अव्वाचं आणि माझं ते वर्ष गेलं.

खाली दोड्डप्पा आणि दोड्डव्वा राहायचे. घर आजोबांनी बांधलेलं, वाटणी झाली तेव्हा खालचा मजला थोरल्याला आणि वरचा धाकट्याला. दोड्डप्पा रेल्वेतून निवृत्त झालेले, मुलगी सांगोल्याला दिलेली, म्हणजे खाली दोघंच. अप्पा आजारी पडायच्या बऱ्याच आधी, एका कडक उन्हाळ्यात, अप्पांनी नळाला मोटार लावून पाणी वर ओढलं होतं. त्या दिवशी खाली हंडाही भरला नाही. दोड्डव्वा अंगणात उभी राहून बोलली, अप्पा वरून बोलले, आणि शेवटी दोड्डप्पा एवढंच म्हणाले, "शिवा, तू माझ्याशी बोलू नकोस." अप्पांनी ते अक्षरशः पाळलं. मोटार दुसऱ्याच दिवशी काढली, पण बोलणं परत सुरू झालं नाही. निरोप माझ्यामार्फत जायचे. मी जिन्यातून वर-खाली करणारं टपालच होते. अप्पांना झटका आला तेव्हा दवाखान्यात दोड्डप्पा रोज यायचे, पण बाहेरच्या बाकावर बसून परत जायचे. आत कधी आले नाहीत.

गळायला लागलं ते उन्हाळ्याच्या तोंडाला. एका सकाळी दोड्डव्वानं मला खालूनच हाक मारली. "नंदे! इकडं ये. बघ, हे काय हाय बघ." तिच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, चुलीच्या वरच, छताला ओल धरली होती आणि तिथून थेंब पडत होता. खाली तिनं पातेलं ठेवलं होतं. त्या कोपऱ्यापासून हातभर अंतरावर तिच्या देवाची फळी. मला काय ते लगेच कळलं, तिलाही कळलं होतं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "हे त्याचंच पाणी न्हवं?"

त्या दिवशी तिनं पुन्हा अंघोळ केली, देव उचलून पुढच्या खोलीत नेले, आणि चूल दुसऱ्या कोपऱ्यात सरकवली. दोड्डव्वा कडक बाई. तिच्या ओट्यावर कुणी न धुतलेला हात टेकवला तरी तिला चालायचं नाही. तिच्या भाकरीच्या काथवटीवर आमच्या संडासाचं पाणी पडत होतं, आणि ती गप्प होती. मला त्या गप्प राहण्याचीच जास्त भीती वाटली.

अव्वाला सांगितलं तर तिनं हातातलं पिळलेलं फडकं पुन्हा पिळलं. मग म्हणाली, "पाणी कमी ओतू." आम्ही कमी ओतायला लागलो. वास यायला लागला. मग जास्त ओतलं, तर खालच्या पातेल्यात टप टप वाजायला लागलं. दुपारी लाइट गेली की माग बंद पडायचे, गल्ली एकदम शांत व्हायची, आणि मग ते टप टप वर आम्हालाही ऐकू यायचं. अप्पा खाटेवर पडून छताकडं बघत असायचे. त्यांना ऐकू येत होतं हे मला माहीत होतं. कान तर शाबूत होते.

आधी अव्वानं आणि मी स्वतःच प्रयत्न केला. दुकानातून पांढरं सिमेंट आणलं, ते कालवून पॉटाच्या बुडाशी गोल लिंपलं. अव्वा ओणवी होऊन, गाल जवळजवळ फरशीला लावून, मागच्या बाजूला बोटानं सिमेंट भरत होती. तिच्या कपाळाला पांढरा पट्टा उठला होता. दोन-तीन दिवस खालून काही आवाज आला नाही. मग पुन्हा पातेलं.

शेवटी प्लंबरला बोलवलं. रफीकभाई नावाचा, चौकात सायकल लावून बसणारा. आज येतो, उद्या येतो करत तो आठवड्यानं आला. पॉटाला दोन्ही हातांनी धरून त्यानं हलवलं, तर तो हलला.

"ऊपर ऊपर से सिमिट लगाके कुछ नै होता, अम्मा," तो म्हणाला. "अंदर का जोड खुल गया. पॉट उठानाच पडता."

"उठाव की मग," अव्वा म्हणाली.

"उठाता. पन बिठाए बाद दो दिन कोई बैठनेका नै. सिमिट पकडे तक हात भी नै लगानेका. फिर खुल गया तो मेरे कू मत बोलो."

अव्वानं आतल्या खोलीकडं बघितलं. मग म्हणाली, "बरं, उद्या या."

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात उंबऱ्यावर बसून राहिली. शेजारी कुणाकडं पॉट नव्हता. खाली परसात दोड्डप्पांचा संडास होता, पण तो उकिडवं बसायचा, आणि तो त्यांचा. उरलं ते भांडं. तिनं माळ्यावरून ते काढलं, चिंचेनं लख्ख घासलं, आणि अप्पांच्या खाटेखाली मागं सरकवून ठेवलं. अप्पांनी ते पाहिलं.

सकाळी रफीकभाई आला. छिन्नी-हातोड्याचे आवाज सुरू झाले. आमच्या त्या एवढ्याशा घरात एकेक ठोका भिंतीतून अंगात यायचा. पॉट उचलून त्यानं बाहेर पायरीवर ठेवला. उजेडात तो किती लहान दिसत होता. खालचं जुनं सिमेंट त्यानं खरवडून काढलं, पाइपाचं तोंड साफ केलं, आणि काम करता करता, अव्वानं न विचारताच, म्हणाला, "साहब का वजन एकीच बाजू पडता ना रोज. तो हिलता. हिल-हिलके खुल गया."

तो सहज बोलला. त्याच्या मनात काही नव्हतं. पण आतल्या खोलीचं दार उघडं होतं. खरंच होतं ते. अप्पा डाव्या हातानं भिंत धरायचे, सगळा भार डावीकडं टाकायचे, आणि उठताना पॉटाला रेटा देऊन उठायचे. मी आत डोकावले तर ते माझ्याकडं बघत होते, आणि लगेच त्यांनी नजर काढून घेतली.

नवं सिमेंट भरून, पॉट बसवून, कडेनं विटांचे तुकडे लावून रफीकभाई गेला. अव्वानं अप्पांना भरवायला वाटी नेली. त्यांनी तोंड उघडलं नाही. "भूक नाही का?" त्यांनी मान हलवली. चहा दिला, तो तसाच राहिला. पाण्याचा तांब्या पुढं केला तर ओठ घट्ट मिटून घेतले. उन्हाळ्याचे दिवस. सोलापूरचं ऊन, वर पत्रा नसला तरी स्लॅब तापून खोलीची भट्टी व्हायची. दुपार झाली तरी त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता. ओठांना पांढरे पापुद्रे आले होते. अव्वानं फडकं भिजवून ओठांवरून फिरवलं, तर त्यांनी तेही तोंड फिरवून चुकवलं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. माझ्या आधी तिच्याच आलं. पोटात काही गेलं नाही तर बाहेर यायचंही काही नाही. दोन दिवस ते असंच काढणार होते.

माझी आई कधी ओरडायची नाही. सासरी आल्यापासून तिनं आवाज चढवला नव्हता, असं दोड्डव्वासुद्धा सांगायची. त्या दुपारी तिनं हातातला तांब्या जमिनीवर आपटला. "साकु!" ती ओरडली. पुरे. "साकु आता! तुम्ही मरून सुटणार, मी काय करू? पहाटेपास्नं उचलती, धुती, भरवती, पाणी आणती. माझं पाठीचं हाड दिसत न्हाई तुमाला? मी कदी म्हनलं का मला तुमचं करायची लाज वाटती? तुमालाच वाटती. तुमच्या लाजंपायी मी मरायची का?" आणि मग ती खाटेच्या पायथ्याशी खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. अप्पांची डावी बोटं चादरीवर हलत होती. तिच्या डोक्यापर्यंत ती पोचत नव्हती. मी ती उचलून तिच्या केसांवर ठेवावीत का, हे मला कळेना, आणि मी तशीच उभी राहिले.

आता मी तेव्हाच्या अव्वाहून वयानं कितीतरी मोठी आहे. गेली काही वर्षं माझे यजमानही अंथरुणाला आहेत. कमोड आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे आहेत, सकाळी एक बाई मदतीला येते. तरी संध्याकाळी पाय लटपटतात तेव्हा अव्वाचं ते "साकु" माझ्या तोंडाशी येतं. त्या वेळी मला फक्त भीती वाटली होती. आई पण संपू शकते, हे मला पहिल्यांदा दिसलं होतं.

आमचं बोलणं खाली ऐकू जायचंच. तांब्या आपटल्यावर तर लपून राहिलेलं काही नव्हतं. थोड्या वेळानं खालून करवतीचा आवाज यायला लागला. मी जिन्यातून वाकून पाहिलं. दोड्डप्पा ओसरीवर खाली बसले होते आणि त्यांची वेताची खुर्ची त्यांनी उलटी करून धरली होती. संध्याकाळी ज्या खुर्चीत बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचे, तीच. तिच्या बैठकीचा वेत त्यांनी मधोमध कापून काढला, आडवी फळी करवतीनं उडवली, मग कडा घासल्या. दोड्डव्वा आतून जुनं धोतर घेऊन आली आणि तिनं त्या कडेला गोल पट्ट्या गुंडाळल्या, टोचू नये म्हणून. मग खुर्ची उचलून दोड्डप्पा परसातल्या संडासाकडं गेले.

परत आले ते थेट जिना चढून वर. बोलणं बंद झाल्यापासून त्यांनी त्या जिन्यावर पाय ठेवला नव्हता. दारात थांबले, धापा टाकत. अव्वा गडबडीनं उठली, पदर डोक्यावर घेतला.

"खाली सोय केली हाय," ते तिच्याकडं न बघता म्हणाले. मग खाटेपाशी गेले. "चल शिवा."

अप्पांनी डोळे मिटून घेतले.

"डोळं झाकून काय हुतंय? लहानपणी तुला परसात न्यायचं काम माझंच हुतं. अंधाराला भ्यायचास. चल, ऊठ."

त्यांनी अप्पांच्या बगलेत हात घातला. एका बाजूनं दोड्डप्पा, दुसऱ्या बाजूनं अव्वा, पुढं मी पायऱ्या मोकळ्या करत. आमचा जिना अरुंद, तिघं एका ओळीत मावायचे नाहीत. अव्वाला मागं व्हावं लागलं आणि सगळा भार दोड्डप्पांवर आला. तेही सत्तरीकडं आलेले. जिन्याच्या मध्यावर त्यांचा गुडघा वाकला. कोसळणार असं वाटलं, पण त्यांनी अप्पांना धरून हळूच पायरीवर बसवलं आणि स्वतःही शेजारी बसले. दोघे भाऊ त्या अरुंद पायरीवर खांद्याला खांदा लावून, भिंतीला टेकून. दोड्डप्पांचा श्वास भात्यासारखा चालला होता.

"लई जड झालास रे," ते म्हणाले.

अप्पांच्या तोंडाचा डावा कोपरा हलला. मग जड जिभेनं, एकेक अक्षर जुळवत, त्यांनी काहीतरी म्हटलं. मला कळलं नाही. अव्वालाही पहिल्यांदा कळलं नाही. दोड्डप्पांनी कान जवळ नेला.

"पाणी मागतोय," ते म्हणाले. "अगं, पाणी आणा कुणीतरी!"

दोड्डव्वा खाली उभीच होती. ती तांब्या घेऊन वर आली आणि तिनं स्वतः तो अप्पांच्या तोंडाला लावला. अर्धं पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडलं. अप्पा पीत राहिले. तांब्या संपल्यावर तिनं दुसरा आणला.

अप्पा खालीच राहिले. पुढच्या खोलीत, तिथं हलवलेल्या देवांसमोरच, दोड्डव्वानं त्यांची गादी घातली. दोड्डप्पा त्यांना परसात न्यायचे, खुर्चीवर बसवायचे आणि दाराबाहेर उभं राहून मोठ्यानं रेल्वेतल्या गोष्टी सांगायचे, म्हणजे आतल्याला अवघड वाटू नये. भावांचं फार काही बोलणं झालं असं नाही. मोटारीचा विषय तर निघालाच नाही. संध्याकाळी दोघं ओसरीवर बसायचे, अप्पा भिंतीला टेकून, दोड्डप्पा आता खुर्ची नसल्यानं पायरीवर, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या बायकांच्या साड्यांकडं बघून अप्पा काहीतरी पुटपुटायचे. दोड्डप्पा विचारायचे, "कितीची असल?" अप्पा बोटं दाखवायचे.

वर अव्वा आणि मी दोघीच होतो. पहिल्या दिवशी ती नुसती फिरत राहिली. चादर धुतली, खाट उन्हात टाकली, सगळं होऊनही तिचे हात थांबेनात. मग संध्याकाळी ती भिंतीशी चटईवर आडवी झाली आणि अशी झोपली की मी भाकऱ्या थापल्या, त्याचा आवाजही तिला ऐकू गेला नाही. दुसऱ्या दिवशीही ती जेवून पुन्हा झोपली. तिचं तोंड किंचित उघडं होतं. झोपेत ती माझ्याएवढी वाटत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोड्डप्पांनी खालून हाक दिली. "नंदे, वाळलं का गं सिमेंट? आणायचं का त्याला वर?"

मी संडासात जाऊन पाहिलं. पॉटाच्या बुडाशी सिमेंट दगडासारखं झालं होतं. पॉट दोन्ही हातांनी हलवून पाहिला. जरासुद्धा हलला नाही. मी वळले तर अव्वा दारात उभी होती. तिनंही पाहिलं. तिनं वाकून बोट लावलं, कोरडं बोट उजेडात धरून बघितलं. मग ती जिन्यापाशी गेली.

"भावजी," ती खाली वाकून म्हणाली, "अजून ओलं हाय. आजचा दिवस राहू द्या."

माझ्याकडं न बघता ती चटईवर जाऊन आडवी झाली, तोंड भिंतीकडं करून.

दुपारी दोड्डव्वा वर आली. ताटात आमच्यासाठी धपाटे आणि दही आणलं होतं. ताट माझ्या हातात देऊन ती सरळ संडासात गेली. मला कळेना काय करावं. तिनं गुडघ्यावर हात ठेवून वाकून पाहिलं, अंगठ्यानं सिमेंट जोरात दाबलं, नखानं खरवडलं. मग बाहेर येऊन झोपलेल्या अव्वाकडं बघत उभी राहिली, बराच वेळ. अव्वाच्या पायावरचं पातळ सरकलं होतं, ते तिनं नीट केलं.

जिना उतरता उतरता खाली बसलेल्या दोड्डप्पांना ती मोठ्यानं म्हणाली, "ओलंच हाय की अजून. उद्या बघू."